दोन वाजताचा वारा

मित्रांनो, मी एक जुना झरोका आहे. खिडकी नव्हे. खिडकीला पडदे मिळतात, तिच्यापाशी उभे राहून लोक उसासे टाकतात. माझी जागा भिंतीत अगदी वर, छताच्या खाली. मधोमध आसावर फिरणारी सागवानी झडप आणि खाली लोंबणारी सुती दोरी, एवढाच माझा संसार. दोरी ओढली की मी उघडतो. ओढणारे कोणी नसेल तर माझे काही चालत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत माझाही दोष आहे आणि तो मला अजून छळतो.

तंजावरच्या मराठी घराण्यातून मद्रासला आलेल्या कृष्णाजींनी १९३६ साली अड्यारला हे घर बांधले. ते शाळेत गणित शिकवत आणि त्यांना दमा होता. सुताराला शिडीवर चढवून त्यांनी माझी जागा बोटाने दाखवली. "समुद्राचा वारा इथूनच येतो की! इथेच बसव," ते म्हणाले.

त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. दुपारी दोनच्या सुमारास वारा फिरे. कृष्णाजी माझ्याखाली आरामखुर्चीत बसून दोरी ओढत आणि म्हणत, "ये रे बाबा." मग त्यांच्या छातीतली घरघर हळूहळू शांत होई. मला त्याचा फार गर्व होता. पाहुण्यांसमोर ते माझे कौतुक करत तेव्हा मी मुद्दाम जरा जास्तच उघडत असे.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. तेव्हा त्यांची सून वसंता दोरी ओढू लागली. वीस वर्षे तिने तो खोकला ऐकला. एका दुपारी कृष्णाजी खुर्चीतच गेले. दोरी त्यांच्या बोटांना गुंडाळलेली होती; वसंताने ती एकेक वेढा करून सोडवली. त्यांचा शेवटचा श्वास माझ्यातून बाहेर गेला. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

२००४ साली वसंता दुसरीकडे राहायला गेली आणि भाड्याने दिलेल्या घरात ऑफिस आले. परदेशातल्या डॉक्टरांचे बोलणे कानाला यंत्र लावून ऐकायचे आणि रोग्यांची कागदपत्रे टाइप करायची, असे ते काम. मॅनेजर उमाकांत नागपूरचे. माणूस वाईट नव्हता, पण हवेपेक्षा धुळीची त्यांना धास्ती अधिक. खिडक्यांना काचा बसवून त्या कायमच्या बंद झाल्या, जमिनीवर गालिचा चिकटवला, एसी आला. रंगाऱ्याने माझ्या फटींत रंग भरला. दोरी गुंडाळून माझ्या कडेला खोचली आणि खाली खोट्या छताच्या पांढऱ्या पाट्या बसवल्या. मी अंधारात गेलो.

मित्रांनो, मला कोणी शिक्षा केली असती तर मी सोसली असती. मला तर सगळे साफ विसरून गेले.

पावसाळ्यात गच्चीचे पाणी भिंतीत मुरले. माझ्या लाकडावर काळी बुरशी चढली, पाट्यांच्या पाठीवर पसरली. तिची भुकटी पाट्यांच्या फटींतून खाली झरू लागली, दोनचा वारा बाहेरून माझ्यावर आदळला की जास्तच, आणि एसी तीच हवा फिरवत राहिला. मला दिसत काही नव्हते, फक्त ऐकू येई. एक दिवस, दोनच्या सुमारास, खालून खोकला ऐकू आला. तोच खोकला. तीच घरघर. मला वाटले, कृष्णाजी परत आले आणि दोरी शोधताहेत.

ती विद्युलता होती. नोकरीला नुकतीच लागलेली, माझ्या नेमकी खाली बसणारी. दिवसभर परक्या लोकांच्या धापेची वर्णने टाइप करायची आणि स्वतः धापा टाकायची. "दुपारी छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतं, सर," ती उमाकांतांना म्हणाली.

झाले! कृष्णाजींच्या काळापासूनचा राखणदार गुरुमूर्ती तिथेच उभा होता. तो या घरात राहून मराठी शिकलेला. "त्या जागी कृष्णाजी अय्या गेले, सर. दोन वाजताच गेले," तो हळूच म्हणाला.

आजार राहिला बाजूला आणि कोपऱ्यात लिंबू-मिरची लागली. मग दर शुक्रवारी सांब्राणीचा धूर. इकडे घरोघर, दुकानोदुकानी शुक्रवारी हा ऊद फिरवतात, पण दारे उघडी असतात. उमाकांतांनी स्वतःचा नियम काढला: अर्धा तास दार उघडायचे नाही, म्हणजे बाधा कोंडून मरेल. धूर पाट्यांतून वर माझ्यापर्यंत येई. खाली विद्युलताचा खोकला दर शुक्रवारी वाढत गेला आणि जितका वाढला तितकी सांब्राणी वाढली. रोग म्हशीला आणि डाग पखालीला!

२००६ च्या जूनमधला एक शुक्रवार. त्या दिवशी कृष्णाजींची तिथी होती. वसंता दर वर्षी या तिथीला येऊन गच्चीवर कावळ्यांना घास ठेवत असे. आता ती सत्तरीची झाली होती. घास ठेवून ती खाली उतरली, तेव्हा दार बंद होते आणि आत धूर चालू होता.

"सर, मला बाहेर जाऊ द्या," विद्युलता धापा टाकत म्हणाली.

"पाचच मिनिटं. आता उघडलं तर सगळं फुकट जाईल," उमाकांत म्हणाले.

मी झडप हलवायला बघत होतो. मित्रांनो, सगळा जीव एकवटून बघत होतो. रंगाने मला घट्ट धरून ठेवले होते. खालची घरघर बारीक होत चालली. बारीक होत जाणारी घरघर म्हणजे काय, ते मला ठाऊक होते.

तेवढ्यात दारावर वसंताच्या थापा पडल्या. "दार काढा! हे खोकणं मला ठाऊक आहे की! वीस वर्षं ऐकलंय मी!"

दार गुरुमूर्तीने उघडले. त्याने उमाकांतांना विचारलेसुद्धा नाही. विद्युलताला व्हरांड्यात नेले, तिचे ओठ निळे पडले होते म्हणे. तिला रिक्षातून इस्पितळात धाडल्यावर वसंता आत आली.

"आजी, तुमचे सासरे इथं लोकांच्या छातीवर बसतात," उमाकांत चाचरत म्हणाले.

"अय्यो! माझे मामंजी?" म्हातारीचा आवाज चढला. "जन्मभर त्यांच्याच छातीवर दमा बसला होता. ते दुसऱ्याचा श्वास कशाला धरतील? दोरी कुठे आहे त्यांची?"

कोणाला कसली दोरी ते कळेना. गुरुमूर्तीला कळले. त्याने काठीने वरची पाटी सारली. काळी भुकटी उमाकांतांच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. मी दोन वर्षांनी उजेड पाहिला आणि सर्वांनी मला पाहिले, नखशिखांत बुरशीने माखलेला. गुरुमूर्तीने दोरी खाली ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रंग कडाडला आणि मी चार बोटे उघडलो. समुद्राचा वारा आत आला.

"ये रे बाबा," वसंता म्हणाली आणि तिथेच बसून रडली.

विद्युलता वाचली. पण तिची छाती पूर्वीसारखी झाली नाही. ती एकदाच आली, आपली शाल न्यायला. माझ्याखाली उभी राहिली, मान वर करून पाहिले, दोरीला हात लावला नाही आणि गेली.

आता ते खोटे छत काढले आहे, लाकूड घासले आहे. दोन वाजता कोणीतरी दोरी ओढते. वारा येतो, आणि त्यात मला अजून ती घरघर ऐकू येते. कृष्णाजींची नव्हे, तिची.

तेव्हा मित्रांनो, कुठल्या जुन्या इमारतीत जीव घुसमटला, तर गेलेल्या माणसावर आळ घेऊ नका. आधी दार उघडा. मग मान वर करून पाहा, कोणाला बंद करून विसरला आहात का. त्या खोलीत भूत होते, हे खरे आहे. ते मी होतो.