टोचलं तर सांगायचं नाही

रुग्णालयाच्या मागच्या दारात मावशी सुनेला काम शिकवत होती. साऱ्या दवाखान्याची ती मावशी. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसं कुणाला वाटलंही नव्हतं. दुसऱ्या घरांत सुनांना दागिने मिळतात, तसं कचरा उचलण्याचं हे काम तिला सासूकडून मिळालं होतं. आता गुडघे कुरकुरू लागले, म्हणून ती ते सुनेच्या पदरात टाकत होती.

“पिशवी अशी दाबायची,” उघड्या तळव्याने पिवळी पिशवी खाली रेटत ती म्हणाली. “दोन पिशव्यांचा माल एकीत बसला पाहिजे. नाहीतर मुकादम डोकं खातो.”

“पण आत सुया असल्या तर?”

“सुयांना वेगळा डबा आहे की.”

डबा होता खरा. पण तो भरला की नवा वेळेवर येत नसे, आणि घाईतल्या सिस्टर सुया सरळ पिशवीत सोडत. हे मुकादमाला ठाऊक होतं, वरच्या साहेबांनाही. जाड हातमोजे कपाटात होते. तपासणी आली की ते बाहेर निघत, आणि तपासणी गेली की पुन्हा आत. माणसांच्या हातांपेक्षा हातमोज्यांची काळजी जास्त!

“आणि एक ध्यानात ठेव, टोचलं तर सांगायचं नाही. जी सांगते तिचं काम जातं.”

थोड्याच दिवसांत सुनेने पिशवीवरून हात झटकन मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब होता.

“आई, टोचलं.”

मावशीने इकडेतिकडे पाहिलं, बोट नळाखाली धरलं आणि वर चिंधी बांधली. “मला काय कमी टोचल्यात? मेले का मी? चल, कचऱ्याची गाडी येईल एवढ्यात.”

सासू एवढ्या खात्रीने सांगतेय म्हटल्यावर सूनही हसली आणि कामाला लागली.

पुढे ती खंगत गेली. रक्त तपासलं तर एचआयव्ही निघाला. नवऱ्याचं तपासलं, तो ठणठणीत. मग काय, शेजाऱ्यांच्या जिभेला हाड राहिलं नाही. नवरा सोन्यासारखा, मग ही कुठे शेण खाऊन आली? नवऱ्याने आधी तिचं ताट वेगळं केलं, मग अंथरूण, आणि शेवटी तिलाच घराबाहेर काढलं.

उंबऱ्यात ती वळली. “आई, तुम्ही तरी सांगा ना! ती सुई...”

मावशी भांडी घासत होती. सुई कबूल केली तर दवाखान्यातलं काम घरातून जाणार होतं.

“कसली सुई?” ती म्हणाली.

माहेरच्यांनी लेकीला मागच्या खोलीत ठेवलं. औषध सुरू केलं तर चार लोकांना कळेल, म्हणून दवाखान्यात कुणी नेलंच नाही. तिथेच ती गेली.

सुनेची जागा आता मावशीच्या लेकीने घेतली. तीच पिशवी, तोच उघडा तळवा.

“आई, टोचलं.”

लेकीचं मनगट धरून मावशी जिना चढत सुटली. गुडघ्यांची आठवणही तिला राहिली नाही. मुकादम मागून ओरडत होता. गोळ्यांचं कपाट कुठलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सून कामाला यायच्या आधी एका डॉक्टरीणबाईंना सुई लागली तेव्हा त्याच कपाटातून एचआयव्ही टाळायच्या गोळ्या निघाल्या होत्या, आणि गोळी घ्यायला पाणी मावशीनेच आणून दिलं होतं.

“सिस्टर, माझ्या लेकीला टोचलंय! आधी हिला बघा!”

सिस्टरने जखम धुतली, रक्त घेतलं, गोळी दिली. “बरं झालं लगेच आलात. गोळ्या पूर्ण घेतल्या तर बहुतेक काही होणार नाही.”

मावशीने हात जोडले. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

लेक मात्र गोळी हातात धरून आईकडे बघत होती. “वहिनी म्हणायची ती सुई खरी होती ना?”

“गोळी घे, बाळा.”

“आधी सांग.”

“होती.”

“मग तिला या जिन्याने का नाही आणलंस? तीही तुला आईच म्हणायची.”

लेकीने गोळी गिळली आणि साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी ती बोलली, “माझ्या वहिनीला इथलीच सुई टोचली होती. ती वाईट चालीची नव्हती. माझ्या आईला ते माहीत होतं, आणि खालच्या मुकादमालाही सगळं माहीत आहे.”

खाली गाडी आली होती. मुकादम पिशव्यांसाठी हाका मारत राहिला. लेक जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, आणि मावशीही तिथून हलली नाही.