नौकेचे गोडे पाणी

कुणाची पत कशात असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. नाहूरच्या ‘सहवास’ गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या जयवंत मेस्त्री यांची पत एका लोखंडी चावीत होती.

गच्चीवरील टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह ज्या कुलपाआड असे, त्या कुलपाची ही चावी. सकाळी सहा ते साडेसात आणि सायंकाळी सात ते आठ, या नेमाने जयवंतराव गेली एकोणीस वर्षे चोवीस बिऱ्हाडांना पाणी सोडीत आले होते. मे महिन्यात पाणीकपात लागली की आजूबाजूच्या इमारतींत जिन्याजिन्यावर भांडणे जुंपत. ‘सहवास’मध्ये आवाज चढत नसे. जयवंतराव स्वतःच्या घरात तांब्याभर पाणीही जास्त घेत नाहीत, ही सर्वांची खात्री होती. त्यांच्या कन्येच्या, जान्हवीच्या, हळदीच्या दिवशी त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी अर्धा तास व्हॉल्व्ह उघडा म्हणून पदर पसरला होता. जयवंतरावांनी नकार दिला आणि वधूच्या आईला शेजारच्या इमारतीतून कळशा वाहाव्या लागल्या. त्या गोष्टीचा रत्नप्रभाबाईंना राग होता आणि चारचौघींत सांगण्याइतका अभिमानही होता.

नेम मोडण्यास एकच कारण त्यांनी मान्य केले होते. इमारतीत कोणी निवर्तले तर वेळ न पाहता पाणी सोडायचे. अशा प्रसंगी आणखी एका कामासाठी त्यांनाच बोलावणे येई. त्यांचे वडील भिकाजी मेस्त्री हे देवगडकडचे होड्या बांधणारे सुतार. पोटासाठी मुंबईस येऊन ते गिरणीत चिकटले, परंतु लाकडाची आणि दोरीची जाण मुलाच्या हातांत उतरली होती. ‘सहवास’मधील प्रत्येक तिरडी जयवंतरावांनी बांधली होती आणि त्यांची गाठ वाटेत कधी सुटली नव्हती.

विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर या सद्गृहस्थाने वेगवान नौका विकत घेतली.

भिकाजींनी जन्मभर दुसऱ्यांसाठी होड्या घडविल्या. स्वतःच्या मालकीची एकही त्यांना लाभली नाही. ते शल्य पुत्राच्या उरात काट्यासारखे राहिले होते. पवईच्या एका व्यावसायिकाकडे बावीस फूट लांबीची, फायबरची, दीड-दीडशे अश्वशक्तीच्या दोन इंजिनांची नौका विकाऊ आहे, असे त्यांच्या कानावर आले. त्यांनी भाव सांगताच मालकाने घासाघीस न करता तो मान्य केला. जी वस्तू देताना धनी इतका उतावीळ होतो, ती घेताना आपण दहादा विचार करावा, हे शहाणपण जयवंतरावांना त्या दिवशी सुचले नाही.

चाकांच्या गाड्यावर बसून नौका इमारतीच्या मागील अंगणात आली. तिच्या पांढऱ्या अंगावर निळ्या अक्षरांत ‘भिकाजी’ असे नाव घातले होते. तळमजल्यावरच्या सुलक्षणाआजी सबनीस काठी टेकीत आल्या आणि त्यांनी तिला ओवाळले.

“जयवंता, ह्या तुझ्या विमानात मी काही बसायची नाही हो,” आजी म्हणाल्या. “माझी स्वारी निघेल ती तुझ्या सुतळीवर. गाठ तेवढी घट्ट मार.”

“आजी, शुभ दिवशी असं बोलू नये.”

“नव्वदीत कसलं शुभ नि अशुभ. कबूल कर आधी.”

“कबूल.”

आजींचे चिरंजीव विद्याधर बाजूला उभे होते. ते जयवंतरावांचे जिवाभावाचे मित्र. ते हसून म्हणाले, “अरे, होडीची पूजा आहे की आईच्या प्रयाणाची? पेढा दे आधी.”

पुढील दोन वर्षांत नौकेने आपले खरे रूप दाखविले. पूर्ण वेगात ती ताशी शंभर लिटर पेट्रोल रिचवी. तिच्यापायी भविष्यनिर्वाह निधी आटला आणि गावच्या हापूस कलमांतला हिस्सा भावाच्या नावावर गेला. पैसा गेला तर निदान त्याला आकडा तरी असतो. त्या नौकेची दुसरी एक भूक होती आणि तिला आकडा नव्हता.

खाडीच्या खाऱ्या, गाळाने दाट झालेल्या पाण्यातून ती परतली की दोन्ही इंजिनांच्या पोटातून गोडे पाणी खेळवावे लागे. तसे न केल्यास मीठ आत वाळून बसते आणि लाखमोलाचे इंजिन भंगारात जाते. पहिल्या वर्षी जयवंतराव पिण्याच्या पाण्याचे जार विकत आणीत. मग एका दुपारी जार संपले. इमारत झोपली होती. त्यांनी कुलूप उघडले आणि अंगणातल्या नळाला पाइप जोडला. ही एकदाचीच गोष्ट, असे त्यांनी मनास बजावले होते. पुढे जार आणणेच बंद झाले. इंजिनाचा आवाज सर्वांच्या कानी पडत असे. पाणी कुठले, हे कोणी विचारले नाही. जयवंतरावांविषयी अशी शंका घेणे कुणाला सुचलेच नाही.

नौकेच्या चावीला नारिंगी फोमचा एक गोळा होता. चावी खाडीत पडली तर त्याने तरंगावी. सोयीचे म्हणून जयवंतरावांनी संस्थेची लोखंडी चावीही त्याच कडीत ओवली.

त्या रविवारी वैशाखातील अमावास्या होती. अमावास्येची भरती भर दुपारी येते आणि भरतीवाचून आपल्या खाडीत अशी नौका चालत नाही. तळ गाळात रुततो. बाळा नावाच्या ओळखीच्या जीपवाल्याकडून नौका ओढून नेऊन दहाच्या सुमारास त्यांनी ऐरोलीच्या बाजूच्या धक्क्यावर पाण्यात उतरविली. भ्रमणध्वनी पिशवीत गुंडाळला होता. कांदळवनाच्या कडेने नौका निघाली तेव्हा वाऱ्याने त्यांचे डोळे पाणावले. आबा, बघा, असे ते मनातल्या मनात वडिलांना म्हणाले. अर्धा तासही झाला नसेल, तोच उजव्या इंजिनाचा इशारा वाजू लागला. गाळ आत ओढला जाऊन इंजिन तापले होते. थांबत, थंड करीत, एका इंजिनावर कण्हत ते अडीचच्या सुमारास धक्क्यास लागले. भ्रमणध्वनीवर घरचे सतरा फोन येऊन गेल्याचे दिसले. रत्नप्रभा जेवणाचे विचारीत असेल, घरीच तर चाललो आहोत, असे म्हणून त्यांनी तो खिशात टाकला.

सव्वातीन वाजता जीप फाटकातून आत शिरली. अंगणात बांबूचे कापलेले तुकडे पडले होते. सुतळीचे बंडल अर्धे सुटले होते. झेंडूच्या पाकळ्या, थोडी राख.

“काका, कोणतरी गेलंय वाटतं,” बाळा म्हणाला.

“तू गाडी मागे घे.”

“नाही, म्हणजे विचारू का कुणाला?”

“मागे घे म्हटलं ना.”

कोण गेले, हे विचारले असते तर तसेच स्मशानाकडे धावावे लागले असते आणि तोवर मीठ वाळले असते. जयवंतरावांनी वरच्या खिडक्यांकडे पाहिलेच नाही. बाळा जीप घेऊन निघून गेला. त्यांनी कुलूप उघडले. दोन मोठ्या पिंपांत दोन्ही इंजिनांचे पाय बुडविले, पिंपात जाड पाइप सोडला आणि उजवे इंजिन चालू केले. पाणी काळे येत होते. ते स्वच्छ येईपर्यंत पाऊण तास गेला. भरलेले पिंप ओसंडून पाणी फाटकाबाहेर वाहत होते. मग त्यांनी पाइप डाव्या पिंपात टाकला.

तेवढ्यात रत्नप्रभाबाई खाली आल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. राग आला की त्यांच्या तोंडी गावची बोली येई.

“आधी ह्यां बंद करा. फोन कित्याक नाय उचललात?”

“कोण गेलं?”

“आजी गेली. अकरा वाजता. तुमची वाट बघून बघून शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या राजेशने बांधली तिरडी, मोबाइलमध्ये बघून. चावी तुमच्या खिशात. आजीक न्हाऊ घालूक बायकांनी घराघरातली पिंपां उपसली. कुणाच्या घरात पिण्यापलीकडे पाणी रवला नाय.”

जयवंतराव नौकेला टेकले. इंजिन चालूच होते.

“माणसा येतली आता परत,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “आंघोळीक पाणी होया.”

“टाकीत आहे पाणी. हे इंजिन अर्धं झालंय. मध्येच बंद केलं तर मीठ आत राहील. दहा मिनिटं.”

त्यांनी पतीकडे एकदा नीट पाहिले. ज्या माणसाने लेकीच्या हळदीला पाणी सोडले नव्हते तो हाच काय, हे जणू त्या पडताळून पाहत होत्या. मग त्या जिना चढून गेल्या.

दहा मिनिटांची तीस मिनिटे झाली. शेवटी पाइपातून हवा फुसफुसली आणि इंजिन बंद करावे लागले.

पाचच्या सुमारास मंडळी परतली. अंत्ययात्रेहून येणाऱ्याने फाटकापाशी हातपाय धुवावेत, कडुलिंबाचे पान चावावे आणि कुठेही न शिवता घरी जाऊन स्नान करावे, ही रीत ‘सहवास’मध्ये कसोशीने पाळीत. विद्याधर पुढे झाले. नुकतेच केस उतरवलेले, खांद्याला पंचा. त्यांनी नळ फिरविला. नळाने दोन उचक्या दिल्या आणि चार थेंब टाकले.

सर्वांच्या नजरा मागील अंगणाकडे वळल्या. तेथे फरशी ओली चिंब होती. नौका न्हाऊनमाखून चकाकत होती आणि तिच्या अंगावरून पाणी ठिबकत होते.

“काका, व्हॉल्व्ह उघडा ना,” राजेश म्हणाला.

“उघडाच आहे.”

राजेशला कळायला क्षणभर वेळ लागला. “मग वाट लागली,” तो हलकेच म्हणाला आणि टँकरवाल्याचा नंबर शोधू लागला.

रविवार असल्याने टँकरला दोन तास लागणार होते. स्नानावाचून कोणी घरात शिरेना. पंचवीस-तीस पुरुषमाणसे उन्हाने आणि चितेच्या धगीने काळवंडलेल्या चेहऱ्यांनी अंगणात उभी राहिली, आणि उभे राहण्यास सावली होती ती नौकेचीच. कोणी शब्दाने टोचले नाही. एकाने फक्त निळ्या अक्षरांवरून बोट फिरविले आणि ते धोतराला पुसले.

रत्नप्रभाबाई घरातला पिण्याच्या पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन खाली आल्या. त्या पतीजवळून गेल्या, पण थांबल्या नाहीत. विद्याधरांच्या पायांवर त्यांनी स्वतः पाणी घातले.

“वहिनी, राहू दे,” विद्याधर म्हणाले.

“असू दे. आजीच्या वाटचा पाणी आसा ह्यां.”

बारा दिवस सबनिसांकडे सुतक होते. त्या बारा दिवसांत जयवंतरावांनी सहाच्या ठोक्याला व्हॉल्व्ह उघडला आणि साडेसातला बंद केला. जिन्यात लोक नमस्कार करीत. तेराव्याच्या गोड जेवणाचे आमंत्रणही आले. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसे बसली होती, आणि दोघेही पलीकडच्याशी बोलत होते.

चौदाव्या दिवशी सकाळी विद्याधर त्यांच्या दारात उभे राहिले. डोक्यावर नुकते खुंट आले होते.

“ये रे, बस. रत्नप्रभा, चहा टाक.”

“चहा नको. जयवंतराव, एक बोलायचं होतं. इतकी वर्षं तुम्ही केलंत. आता वय झालं, दगदग नको तुम्हाला. चावी राजेशकडे द्यावी, असं सगळ्यांचं मत पडलं.”

“सगळ्यांचं?”

“माझंसुद्धा.”

जयवंतरावांनी मान हलविली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

“विद्याधर, आजीची तिरडी… मला कळलं असतं तर…”

“स्मशानाच्या वळणावर गाठ सुटली,” विद्याधर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. “डाव्या अंगाची. आई कलली थोडी. मग आम्ही खालून हात देऊन नेली. चालायचंच.”

जयवंतराव उठले आणि खुंटीवरून चाव्या काढून आणल्या. कडी ताठ होती. घट्ट गाठी क्षणात सोडविणारी त्यांची बोटे त्या लहानशा कडीशी झटू लागली. नख उलटले. विद्याधर दारातच उभे राहून वाट पाहत होते. पूर्वीचे दिवस असते तर त्यांनी चावी हिसकावून घेऊन थट्टा केली असती. अखेर लोखंडी चावी सुटली. विद्याधरांनी ती घेतली, मुठीत धरली आणि “येतो” म्हणून जिना उतरले.

जयवंतरावांच्या तळहातावर नौकेची चावी आणि तो नारिंगी गोळा उरला.

दुसऱ्या दिवशी सवयीने त्यांना साडेपाचला जाग आली. त्यांनी सदरा चढविला, खुंटीकडे हात नेला आणि मग परत येऊन पलंगाच्या कडेला बसले. बरोबर सहा वाजता भिंतीतल्या नळीतून पाणी उतरण्याचा आवाज आला. शेजारी रत्नप्रभाबाई उठल्या, बादली घेऊन मोरीत गेल्या आणि त्यांनी नळ सोडला. पाणी भरपूर होते. आपल्याखेरीज दुसऱ्या कोणी सोडलेले पाणी त्यांच्या घरात एकोणीस वर्षांत प्रथमच येत होते.