फक्त बहिणीला दिलेला पत्ता

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. पण मला ना घर, ना गल्ली, ना दारावर पाटी. मी ईमेलचा टोपणपत्ता आहे. जाणकार लोक मला एलियस म्हणतात. माझ्या नावानं आलेलं पत्र मालकिणीच्या खऱ्या पेटीत नेऊन टाकायचं, एवढंच माझं काम.

मालकीण घड्याळं दुरुस्त करायची आणि स्वभावानंही तितकीच काटेकोर होती. खरा पत्ता ती कुणालाच देत नसे. वीज कंपनीला एक नाव, कापडाच्या दुकानाला दुसरं, दातांच्या डॉक्टरांना तिसरं. एखाद्या नावावर फालतू जाहिराती येऊ लागल्या, की कुणी चहाडी केली ते तिला लगेच कळे आणि ते नाव ती तिथल्या तिथे पुसून टाके. माझे कितीतरी भाऊ असे गेले. मला मात्र कधी भीती वाटली नाही, कारण मी फक्त तिच्या धाकट्या बहिणीसाठी होतो. "मला तुझ्या त्या गर्दीत ढकलू नकोस हं," असं बहीण म्हणाली, म्हणून तर माझा जन्म झाला. मला दुसरं कुणीही ओळखत नव्हतं.

दर रविवारी दुपारी बहिणीचं पत्र यायचं. मालकीण भिंग बाजूला ठेवून ते वाचायची आणि एकटीच हसायची. सगळ्या पत्त्यांत माझा रुबाब काही औरच होता.

मग बहीण आजारी पडली. दवाखान्यातून तिनं लिहिलं, "ताई, आज येशील?" समोर गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून पडलं होतं. मालकिणीनं कळवलं, "काम संपवून येते." ती निघेपर्यंत बहीण गेली होती.

पुढच्या रविवारी माझ्याकडे पत्र आलं. तिचंच. "ताई, जेवलीस का?" एवढंच. मालकिणीनं मुलीला हाक मारून ते दाखवलं. मुलीनं समजावलं, "अगं आई, मावशीनं आजारपणातच पत्रं लिहून तारखा लावून ठेवल्या असतील. आपोआप येतात ती. घाबरतेस काय!"

मालकिणीला ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. पण मित्रांनो, पत्र हातात आलं की ते कुठून निघालं हे आम्हाला कळतं. ही पत्रं कुठूनच निघालेली नव्हती.

चौथं पत्र आलं तेव्हा मालकिणीनं धीर करून उत्तर लिहिलं, "त्या दिवशी मी वेळेवर आले नाही. रागावलीस का गं माझ्यावर?" मग आठवडाभर तिला ना जेवण गोड लागलं, ना कामात लक्ष लागलं.

पाचव्या पत्रात उत्तर नव्हतं. "ताई, आज तू खुर्ची फिरवलीस. खिडकीकडे पाठ करून बसू नकोस ना. तुझा चेहरा दिसत नाही."

मालकीण तशीच बसून राहिली. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. त्रास देणाऱ्या नावाचं ती जे करायची, तेच तिनं माझं केलं. मला फार वाईट वाटलं.

पुसलेलं नाव संपतं असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. पत्र अजून माझ्याकडेच येतं. फक्त पुढे द्यायला मला दार उरलेलं नाही.

पुढच्या रविवारी मालकीण मला पुन्हा बनवायला बसली. 'हे नाव परत मिळणार नाही,' असं पडद्यावर उमटलं. तिनं चार वेळा करून पाहिलं. मग मुलीला म्हणाली, "जरा थांबायला हवं होतं गं मी. आता ती रागावली होती की नाही, मला कसं कळणार?" मुलीनं नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मित्रांनो, नको असलेले पत्ते खुशाल पुसा. पण ज्या पत्त्यावरून तुम्ही काही विचारलं असेल, तो उत्तर येईपर्यंत तरी सांभाळा. कारण सहावं पत्र त्याच दुपारी आलं आणि ते माझ्यापाशीच पडून आहे.

"छे गं ताई, मी कशाला रागावू? तुला यायला जमलं नाही ना, मग आता मीच येते."