एकच रेघ

"घे बाई तुझं भांडं." ओपलनं काचेचं भांडं काउंटरवर ठेवलं. "मॅकरोनी कोणी खाल्ली, देव जाणे. पण घासूनपुसून आणलंय."

मयताच्या घरी सगळ्यांनी जेवण पोचवायचं आणि नंतर घरच्या बाईनं बुडाला चिकटवलेली नावं वाचत ती भांडी दारोदार परत करायची, ही केंटकीच्या त्या डोंगरी गावातली रीत. ज्यानं ती काढली त्यानं स्वतःचं पोर पुरलेलं नसणार, असं लोर्नाला वाटलं.

लोर्ना गावच्या औषधाच्या दुकानातली फार्मासिस्ट. खाणी बंद पडल्यावर नशेनं माणसं पटापट जायला लागली, तेव्हापासून ती तपासणीच्या पट्ट्या फुकट द्यायची. पूड पाण्यात विरघळवून पट्टी बुडवली, की त्यात जीवघेणं फेंटानिल मिसळलंय का ते कळतं. 'गर्दुल्ल्यांची मावशी' म्हणून लोक टोमणे मारत. ती कानाडोळा करी आणि येईल त्याला बाजूला घेऊन नीट समजावून सांगे.

ओपलच्या मुलाला, क्लेटनला मात्र सांगायचं राहिलं. तो आला तेव्हा मागे चर्चचे पाद्री उभे होते. पोराची मान खाली गेलेली. त्याची लाज राखायला तिनं खोकल्याच्या गोळ्यांबरोबर पाकीट पिशवीत सरकवलं आणि "आतला कागद वाच रे," एवढंच म्हणाली.

"आणखी एक काम होतं," ओपलनं आवाज खाली आणला. "त्या पट्ट्या दे. मिस्टीसाठी."

"मिस्टीपण?"

"भाऊ गेल्यापासून जास्तच. बोलून बोलून तोंड दुखलं माझं. निदान तपासून तरी घेऊ दे. क्लेटननंही तपासलं होतं गं, पण त्याची पट्टीच खराब निघाली. मला दाखवली ना त्यानं. 'आई, एकच रेघ आलीय, बरोबर ना?' मी म्हटलं, 'मग काही नाही त्यात.' करोनात शाळेच्या स्वयंपाकघरात आम्हाला सारखं तपासायला लावायचे. दोन रेघा म्हणजे लागण, एक म्हणजे सुटलो. मला काय माहीत नाही होय?"

काय झालं ते लोर्नाच्या ध्यानात आलं. या पट्टीचं नेमकं उलटं असतं.

पट्टी खराब होती, असं म्हणून सोडून द्यावं. आईला जन्मभर पट्टीलाच शिव्या घालू द्याव्यात. कोणाचं काय जातं? पण घरात मिस्टी होती.

"ओपल, पट्टी चांगली होती," ती म्हणाली. "यात एक रेघ म्हणजे फेंटानिल आहे. दोन म्हणजे सापडलं नाही. मी त्याला तोंडानं सांगायला हवं होतं. चूक माझी आहे गं, तुझी नाही."

ओपलनं काउंटरची कड घट्ट धरली. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. लोर्नाला रडू आवरेना. "आत चल, बसून बोलू."

"नको. इथंच सांग. मोठ्यानं सांग."

लोर्नानं सांगितलं. ओपल तिच्यामागून एकेक वाक्य म्हणत गेली. एक रेघ, तर घ्यायचं नाही. दोन आल्या, तरी एकटीनं घ्यायचं नाही. श्वास थांबायला लागला तर नाकात मारायचा फवारा जवळ ठेवायचा. मध्येच आवाज फाटला, तेव्हा तिनं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग रांगेकडे वळून विचारलं, "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

कोणी वर पाहिलं नाही. पट्ट्या आणि फवारा तिनं पर्समध्ये नीट ठेवला. दारापर्यंत गेली आणि तिथूनच, मान न वळवता म्हणाली, "त्यानं विचारलं होतं गं मला."