उपड्या पुस्तकाची खिडकी

पुस्तक उघडून उपडं ठेवू नये, कणा मोडतो, ही एकच गोष्ट बाइंडर जन्मभर तळमळीने सांगत आला होता. एरवी चार माणसांत तो तोंड उघडायचा नाही. पण कुणाच्या घरी टेबलावर पुस्तक पालथं पडलेलं दिसलं, की न विचारता उठून ते सरळ करायचा, आणि आपण काय केलं हे लक्षात आलं की चहा निम्मा टाकून घरी यायचा. आता म्हातारपणी हाच माणूस पुरुषभर लांबीचं एक पुस्तक बांधत होता, आणि तेही पालथं घालण्यासाठीच.

त्याचं असं झालं. लग्न झाल्यापासून तो बायकोला सांगत होता, "हातातलं काम आटपलं की आपण तळ्यावर जाऊन राहू." तळं सायकलने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. पण हातातलं काम काही हातातून सुटलं नाही. शेवटी दुकानच बंद केलं, तेव्हा बायकोने शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारलं, "मग? तळं आटलं की जायचं का?"

ते त्याला लागलं. लॉजवर उतरायचं तर अनोळखी माणसांशी बोलावं लागणार. म्हणून त्याने सायकलमागे ओढायची राहुटीच करायला घेतली. पडद्यांच्या जुन्या नळ्यांचा सांगाडा, लहान मुलांच्या सायकलची दोन चाकं, आणि त्यावर आडवं निजवलेलं ते पुस्तक. मुक्कामाला पोचलं की ते उचलायचं, उघडायचं आणि जमिनीवर पालथं घालायचं. कणा वर, दोन्ही बाजूंना उतरते पुठ्ठे, पुढेमागे कापडी झापडं, आत दोन माणसं. लाकूड नाही, पत्रा नाही. थरावर थर पुठ्ठा, वर मांजरपाट, आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ.

बायकोने तयार झालेला पुठ्ठा एका हाताने उचलून पाहिला. "माझ्या भावाच्या बोलण्याला याहून जास्त वजन आहे," ती म्हणाली. आणि भावाच्या बोलण्याला तर काडीचंही नव्हतं.

हा भाऊ तळ्यावरून जाणारी बस चालवायचा. एक दिवस येऊन त्याने पुठ्ठ्यावर टकटक केलं.

"भावोजी, पाऊस आला तर?"

"तेलरंग देणार आहे."

"वारा सुटला तर?"

"दोऱ्या आहेत."

"आणि ताईला हसू आवरलं नाही तर?"

बाइंडर खळ ढवळायला लागला.

"ताई, तू काळजी करू नकोस. संध्याकाळी माझी गाडी तळ्यावरून परत येते. मी हॉर्न देतो, तू चढ. तुझी सायकल टपावर टाकू. भावोजी रडायला लागले तर त्यांनाही टपावर टाकू."

ती पोट धरून हसली. पण तो गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "तो बोलला ते काही वाईट नाही. मी येते. पण मन रमलं नाही, तर त्या गाडीने परत. मग हे सगळं रद्दीत, आणि तळ्याचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. तुम्हीही नाही, मीही नाही."

बाइंडरने मान डोलावली.

"आणि अहो, खिडकी कुठंय?"

"पुस्तकाला कुठे खिडकी असते? भोक पाडलं की पुठ्ठ्यातली ताकद जाते."

"म्हणजे तळ्यावर जाऊन पुठ्ठा बघत पडू?"

तिने कापड आखायचा खडू उचलला, आपल्या बाजूच्या पुठ्ठ्यावर उशीच्या उंचीला ऐसपैस चौकोन काढला आणि म्हणाली, "इथे कापा." जन्मभर शिवणकाम केलेली बाई. आखून झाल्यावर कापायला घाबरणारं माणूस तिला कधी कळलंच नाही.

बाइंडरने सुरी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. पण चांगल्या बांधलेल्या पुठ्ठ्याला हात धजेना. रंग देतानाही ब्रश चौकोनापाशी येऊन थांबला. कापायची छाती नव्हती आणि तिने ओढलेली रेघ पुसायचीही. शेवटी तेवढा चौकोन सोडून त्याने बाकीचं सगळं रंगवलं आणि पावसाळा लांब आहे, अशी मनाची समजूत घातली.

आणखी एक गोष्ट त्याने केली होती. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची धंद्याची रीत. विषारी असतो, त्यामुळे किडामुंगी पुठ्ठ्याच्या वाटेला जात नाही. पण या पुठ्ठ्याशी बायकोचं नाक रात्रभर असणार, म्हणून त्याने या वेळी मोरचूद घातलाच नाही. तिला सांगितलंही नाही. काही चांगलं केलं की त्याला लाज वाटायची.

सकाळी दोघं निघाली. ती पुढे आपल्या सायकलवर, तो मागे, त्याच्या मागे पुस्तक. पंक्चरवाला ओरडला, "काका, कुणाचं दार काढून आणलंत?" शेजारून ट्रक गेला की पुस्तकाची एक बाजू पान उलटल्यासारखी उठायची. चढावर गाडी काही जड गेली नाही, पण उतारावर ती मागून ढकलायला लागली. पुढे बायको, मागे गाडी, मधे ब्रेक दाबून बसलेला तो. संसारात याहून वेगळं काय केलं होतं म्हणा!

तळ्याकाठी शेळ्या चरत होत्या. राखणारा झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. बाइंडरने पुस्तक उभं केलं, उघडलं आणि डोळे मिटून पालथं घातलं. कण्यातून 'कट्' असा आवाज आला. त्याने डोळे उघडले. कणा शाबूत होता.

बायको आत जाऊन आडवी झाली.

"कसं वाटतंय?"

"पुठ्ठा छान आहे," ती म्हणाली. आजाऱ्याची तब्येत विचारून परतताना म्हणावं तशी. मग म्हणाली, "तळं बाहेर आहे ना अजून?"

तिची पिशवी उशाशीच होती, तोंड बांधलेली. तिने ती सोडली नव्हती, हे बाइंडरने पाहिलं. पिशवी उचलायची आणि बसमध्ये चढायचं, एवढंच उरलं होतं. आणलेला डबा दोघांनी संपवला. मग तो हॉर्नच्या धास्तीने कान टवकारून पडला, आणि तशा अवस्थेत त्याला गाढ झोप लागली.

जाग आली ती कसल्याशा चावण्याच्या आवाजाने. मघाशी जिथे अंधार होता तिथून ऊन थेट नाकावर आलं होतं आणि त्या उन्हात एक दाढीवालं तोंड रवंथ करत होतं.

"अगं, शेळी!"

"हळू," बायको म्हणाली. "तिला घाबरवू नका. वरचा कोपरा राहिलाय."

"तू जागी आहेस?"

"केव्हाची."

"आणि हाकललं नाहीस?"

"आधी नुसती चाटत होती. मग एक लचका तोडला. म्हटलं, तुमच्याने झालं नाही ते हिला जमतंय का बघू."

बाइंडर बघत राहिला. शेळी मांजरपाटासकट पुठ्ठा ओढून खात होती. तोंड तेलरंगाला लागलं की नाक मुरडून पुन्हा चौकोनात यायची. खडूची रेघ तिने कुठेच ओलांडली नव्हती. त्याने घाबरत कडेवरून हात फिरवला. पुठ्ठा जागचा हलला नव्हता. कणा वर ताठ होता. आणि शेळीने मान बाजूला घेतली तेव्हा मागे तळं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत.

"एवढं गोड लागतंय तरी काय तिला?" बायकोने विचारलं.

"गव्हाची खळ. मोरचूद नाही घातला."

"तुम्ही? का बरं?"

"तुझं नाक..." तो म्हणाला आणि तळ्याकडे बघायला लागला.

बायकोने पिशवी ओढली, तोंड सोडलं आणि आतून फुलाफुलांचा एक पडदा काढला. दोरी ओवलेला, त्याच चौकोनाच्या मापाचा.

"हा कधी शिवलास?"

"आखलं त्याच दिवशी. अर्ध्यावर सोडायची सवय नाही मला."

इतक्यात वरच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. बाइंडरने मान खाली घातली. चढतेस का, हे विचारायचं त्याच्याच्याने होईना.

"ताई! ए ताई! चल लवकर, पॅसेंजर खोळंबलेत!"

बायकोने शेळीला कोपराने बाजूला सारलं, पुठ्ठ्यातून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि 'जा, जा' असा हलवला.

"भावोजी, नुसता हातच दिसतोय! बाकीची ताई कुठंय?"

"खिडकीत बसलेय!" ती आतून ओरडली. "जा रे तू!"

बस घरघरत निघून गेली. पॅसेंजरांचं हसणं वळणापर्यंत ऐकू येत होतं, पण बाइंडरला त्याचं काही वाटलं नाही. त्याने पडद्याची दोरी एका बाजूने बांधली, तिने दुसऱ्या बाजूने. शेळीने पडदा हुंगला. कोऱ्या कापडालाही खळ असतेच. तिने एक फूल तोंडात धरलं.

"अहो," बायको म्हणाली, "आता मात्र हाकला."