एडनाबाईंची पिवळी प्रत

मी एक पिवळा कागद बोलतोय. गॅसतपासणीच्या दाखल्याची भाडेकरूची प्रत. आम्ही तिघं भाऊ एकाच पॅडातले. पांढरा घरमालकाचा, गुलाबी गॅसवाल्याचा, मी भाडेकरूचा. थोरल्यावर पेन चालायचं, कार्बनमधून उतरेल ते आम्हा धाकट्यांचं.

इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये एकाच भिंतीने जोडलेली दोन घरं क्लिफर्ड हॅस्लमची. एकात तो राहतो, दुसऱ्यात भाड्याने एडना पिकअपबाई. क्लिफर्ड जुना खाटीक, माणूस दिलदार, पण कागदाचा भारी लोभी. लग्नातली किटली फुटून वीस वर्षं झाली, तिचं हमीपत्र अजून जपून आहे.

ऑक्टोबरात गॅसवाला ब्रेंडन आला. बाई बहिणीकडे गेल्या होत्या, क्लिफर्डनेच दार उघडलं. बैठकीतल्या गॅसच्या शेकोटीचं धुराडं पाखरांच्या घरट्याने बुजलेलं. विषारी वायू खोलीतच परतत होता. ब्रेंडनने चावी बंद केली, तिला चिठ्ठी बांधली आणि आमच्यावर सगळं सविस्तर लिहिलं.

"मालक, हा पिवळा बाईंच्या हातात द्या. विसरू नका."

"अरे, मी कागद विसरेन?"

विसरला नाहीच. उलट, तपासनीस आला तर सगळं एका जागी हवं, बाई काय, हरवतील, असं म्हणत त्याने मला दोन भोकं पाडली आणि थोरल्याशेजारी फाइलीत लावलं. धुराडं साफ करणाऱ्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. झालं, त्याच्या लेखी काम संपलं.

फाइलीचा खण त्या सामाईक भिंतीलाच टेकलाय. बाई परतल्या, तेव्हा भाच्याशी चाललेलं बोलणं मी ऐकलं.

"या चिक्कूने चावीला चिठ्ठी बांधलीय बघ. गेल्या साली गरम पाण्याच्या नळाला बांधली होती, 'फक्त सकाळी' म्हणून."

"वाचलीस का, आत्या?"

"त्याच्या चिठ्ठ्या वाचत बसू? उघड ती चावी. पाय गारठलेत माझे."

त्याला तीन दिवस झाले. काल बाई फोनवर बहिणीला सांगत होत्या की डोकं दुखायचं थांबत नाही, थंडी बाधली असावी, शेकोटी जरा मोठी केलीय.

माझ्या अंगावर सगळं लिहिलंय हो. एक अक्षर पुसलेलं नाही. तुमच्या कपाटात दुसऱ्याच्या नावाचा असा कागद असेल, तर वाचणं राहू द्या, आधी नेऊन द्या.

आज दुपारपासून पलीकडचा टीव्ही मोठ्याने चालू आहे. क्लिफर्डने भिंतीवर दोनदा ठोकलं. कुणी आवाज कमी केला नाही. शेवटी वैतागून त्याने आपलाच टीव्ही मोठा केला.