सतरंजीवर झायडेको

यशोधन राजवाडे दिवसभर माणसांना झोपवायचा. मँचेस्टरच्या हॉस्पिटलात तो भूलतज्ज्ञ होता आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पंचाईत एवढीच की गेले चार महिने त्याच्या अ‍ॅकॉर्डियननेही लोकांना जांभया यायला लागल्या होत्या. निदान बॅरीचं म्हणणं तसं होतं.

बॅरी आठवडाभर ट्राम चालवायचा आणि रविवारी झायडेको बँड. झायडेको हे अमेरिकेतल्या लुइझियानाकडच्या काळ्या क्रिओल लोकांचं नाचाचं संगीत. त्यात अ‍ॅकॉर्डियन हवा, ड्रम हवेत, आणि छातीवर बांधायची पन्हळी पत्र्याची बंडी हवी. त्या बंडीवर दोन चमच्यांनी खर्र खर्र करायचं. बंडी बॅरी स्वतः घालायचा आणि वर गायचाही. बँडमधल्या पाच जणांपैकी एकानेही लुइझियाना पाहिलेलं नव्हतं, पण ते त्यांना कोणी विचारतही नव्हतं. लोक नाचले म्हणजे झालं.

आणि लोक नाचत नव्हते.

"दोष तुझा आहे," बॅरीने त्याच्या लँकशायरी इंग्रजीत यशोधनला स्पष्ट सांगितलं. "मी ओळ गातो, मग तुझा अ‍ॅकॉर्डियन ती ओळ म्हणतो. अर्धा ठोका मागे. अरे बाबा, या गाण्यात तू इंजिन आहेस, मी मागचा डबा. इंजिनच डब्याच्या मागे फिरायला लागलं तर गाडी जायची कुठे?"

ट्रामवाल्याला गाडीपलीकडे उपमा सुचत नाही हे खरं, पण बॅरी चूक बोलत नव्हता. यशोधनलाही ते कळत होतं. फक्त बोटांना कळत नव्हतं. कारण ती बोटं शशीताईंनी घडवलेली होती.

शशीताई कीर्तने म्हणजे मँचेस्टरच्या मराठी मंडळाच्या गायिका. वय वर्षं शहात्तर, आवाज अजून खणखणीत. बावीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक गणपतीत त्या गायल्या होत्या आणि बावीस वर्षं यशोधनने त्यांना पेटीची साथ केली होती. साथीचा नियम सरळ होता. गायकाने जागा घ्यायची, पेटीने ती हळूच मागून उचलायची. पुढे जायचं नाही. एकदा, एकोणनव्वद साली, यशोधनने उत्साहाच्या भरात एक तान त्यांच्या आधी वाजवली होती. शशीताई गायच्या थांबल्या, त्यांनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर यशोधनने हजारो ऑपरेशनं पार पाडली, पण इतका घाम त्याला कधी फुटला नाही.

पाच वर्षांपूर्वी एका चॅरिटी शॉपमध्ये त्याला जुना अ‍ॅकॉर्डियन दिसला. पट्ट्या पेटीसारख्याच, भाताही तसाच, फक्त गळ्यात अडकवायचा. त्याने तो घेतला, आणि घेतला तो घेतलाच. वीणाने, म्हणजे बायकोने, महिनाभर सहन केलं आणि मग वाद्यासकट नवऱ्याची रवानगी गॅरेजमध्ये केली. पण त्याचा जीव त्यात अडकला होता. चोपन्नाव्या वर्षी त्याला एक अशी जागा सापडली होती, जिथे कोणी त्याला डॉक्टर म्हणत नव्हतं आणि कोणाचं ब्लड प्रेशर खाली येत नव्हतं. ती जागा गेली असती तर तो खरोखर आजारी पडला असता.

आणि आता ती जायच्या बेतात होती. "ब्लॅक हेरन पबमध्ये रविवारी तीन वाजता," बॅरीने सांगितलं, "आधी स्ट्रिंग बँड, मग आपण. लोक नाचले तर तू आमचा. नाही नाचले तर पुढच्या महिन्यापासून लीड्सची मॅगी वाजवेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

यशोधनने वाईट वाटून घेतलं. दोन दिवस जेवण धड गेलं नाही, तेव्हा वीणाने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "लोक मी आणते. तू फक्त वाजव."

तिने फोन फिरवले. दोन हजार सात सालचा जुलै होता. पबमध्ये सिगरेट ओढायला नुकतीच बंदी झाली होती, त्यामुळे शशीताईंची एकुलती एक हरकतही उरली नव्हती. शशीताई येणार म्हटल्यावर अख्खं मंडळ येणार हे ओघानेच आलं.

रविवारी अडीचला यशोधन अ‍ॅकॉर्डियन घेऊन पबमध्ये शिरला आणि दारातच थबकला.

ब्लॅक हेरनमध्ये स्टेजसमोर लाकडी फळ्यांचा मोठा चौक होता. नाचायचा चौक. मंडळाचे सेक्रेटरी उदय दिघे तासभर आधी येऊन पोचले होते. एवढी मोक्याची जागा रिकामी पाहून त्यांना पबवाल्याची कीवच आली. त्यांनी सगळ्या टेबलांच्या खुर्च्या ओढून चौकात पाच रांगा लावल्या, पुढे गाडीच्या डिकीतून आणलेली मंडळाची निळी सतरंजी अंथरली, आणि कडेला चपलाबुटांसाठी जागा ठेवली. सव्वीस माणसं शिस्तीत बसली होती. पहिल्या रांगेत मधोमध शशीताई, मोरपिशी साडी, मांडीवर पर्स. सतरंजीवरची मंडळी मांडी घालून चिवडा खात होती. पबची नेहमीची गिऱ्हाइकं हातात ग्लास घेऊन, बुटांच्या ढिगाला वळसा घालत, भिंतीला चिकटून उभी होती.

"उदय, अहो हे काय केलंत?" यशोधन कुजबुजला.

"थँक यू काय म्हणायचं त्यात," उदय म्हणाले. "आपल्या माणसाचा प्रोग्रॅम आहे. सीटिंग अरेंजमेंट नको? या लोकांना काही प्लॅनिंगच नाही रे."

बॅरी लांबून यशोधनकडे पाहत होता. त्याने चौकाकडे बोट केलं, मग यशोधनकडे. अर्थ उघड होता. तुझी माणसं, तू उठव.

यशोधन पहिल्या रांगेपर्यंत गेला. शशीताईंनी वर पाहिलं.

"काय रे?"

"काही नाही ताई. पाणी हवंय का विचारत होतो."

एवढं बोलून तो परत आला. भुलीचं इंजेक्शन देताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, त्या माणसाची ही गत. चिडावं की हसावं कळत नाही.

तीन वाजता स्ट्रिंग बँड सुरू झाला. बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, मँडोलिन आणि एक माणसाहून उंच बास घेऊन चार म्हातारे बसले. म्होरक्या रिटायर्ड भूगोलमास्तर होता. अमेरिकेच्या डोंगरांतली गाणी, सगळी मरणाची आणि ताटातुटीची. अकरा वर्षं ते चौघे पबच्या गलक्यात गात आले होते आणि अकरा वर्षांत कोणी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. आज सव्वीस माणसं डोळे मिटून ऐकत होती. मांडीवर ताल धरत होती. फिडलने एक हरकत घेतली तेव्हा शशीताई "वा!" म्हणाल्या, तर फिडलवाला दचकून थांबणारच होता.

नदीत बुडालेल्या मुलीचं गाणं संपलं आणि उदय ओरडले, "वन्स मोअर!"

भूगोलमास्तरला क्षणभर काही समजेना. मग समजलं. त्याने मुलीला पुन्हा बुडवलं. पुन्हा वन्स मोअर आला. तिसऱ्यांदा बुडवताना मास्तरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मुलीपेक्षा ते श्रोत्यांसाठी असावं. सगळं आटोपल्यावर तो स्टेजवरून उतरून प्रत्येकाशी हात मिळवत गेला, सतरंजीवरच्यांशीसुद्धा, गुडघे दुखत असूनही.

मग झायडेकोची पाळी आली.

बॅरीने बंडी चढवली, चार आकडे मोजले, आणि धडाका सुरू झाला. सव्वीस माणसं स्थिर. मान तेवढी हलत होती. कलाकार समोर वाजवत असताना उठून उभं राहणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून जेवढं गाणं जोरात, तेवढी ती आदराने घट्ट बसून राहिली. भिंतीपाशी एका बाईचा पाय उचलला होता, पण जायला जागा कुठे होती? तिने तो परत खाली ठेवला.

आणि यशोधनने नको तिथे पाहिलं. पहिल्या रांगेत शशीताई हाताने ताल देत होत्या. त्यांच्या सवयीचा, संथ, भारदस्त ताल. बावीस वर्षांच्या सवयीने यशोधनची बोटं तिकडे वळली. गाण्याचा वेग उतरला. ड्रमवाल्याने नाइलाजाने उतरवला. बॅरीच्या तोंडातले शब्द लांबायला लागले. अर्ध्या मिनिटात लुइझियानाचा नाच भजनाच्या चालीला येऊन टेकला.

"गाडी डेपोत घालतोयस का?" बॅरी लालबुंद होऊन कानाशी खेकसला.

यशोधनने पाहिलं, वीणा तिसऱ्या रांगेत ओठ चावत बसली होती. तिला कळून चुकलं होतं. आपण केलेला उपकार नवऱ्याच्या मुळावर आलाय, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की यशोधनला तिची दया आली. मग स्वतःचा राग आला. चोपन्न वर्षांचा बाप्या, आणि एका म्हातारीला खुर्ची हलवा म्हणायची छाती होत नाही!

त्याने भाता बंद केला. ड्रम थांबले. यशोधन माइकपाशी गेला आणि त्याने मराठीत म्हटलं, "ताई, उठा."

शशीताईंचा हात हवेत राहिला. "काय म्हणालास?"

"उठा म्हणालो. सगळेच उठा. खुर्च्या मागे घ्या, सतरंजी गुंडाळा. हे बसून ऐकायचं नसतं, हे नाचायचं असतं. तुम्ही असे छान बसून राहिलात तर हे लोक मला काढून टाकतील, आणि मला इथून जायचं नाहीये!"

शेवटच्या शब्दांना त्याचा आवाज फाटला. चिवड्याचा घास कोणाच्या तरी तोंडात तसाच राहिला. उदयांनी तर डोळेच मिटून घेतले.

शशीताईंनी चष्मा काढला. यशोधनच्या पाठीतून घामाची धार निघाली. त्यांनी काच पदराला पुसली, चष्मा परत लावला, आणि कंबरेवर हात देत उठल्या.

"उदय, बसलायस काय? सतरंजी काढ," त्या म्हणाल्या. मग स्टेजकडे वळल्या. "आणि तू. आता माझ्याकडे बघायचं नाही. वाजव."

त्या स्वतःची खुर्ची ओढत बारपाशी गेल्या. यशोधनने डोळे मिटले आणि हात सोडला. त्या क्षणाला त्याच्या पुढे कोणीच नव्हतं. कोणाची जागा उचलायची नव्हती, कोणाच्या श्वासासाठी थांबायचं नव्हतं. अ‍ॅकॉर्डियन असा काही सुटला की बॅरीची पहिली ओळ हुकली आणि दुसरी त्याने धावत पकडली.

वीणा गणपतीसाठी मंगळागौरीच्या खेळांची प्रॅक्टिस करत होती, ती कामाला आली. तिने कार्डिगन भिरकावलं, शेजारच्या उल्काचे हात धरले आणि फुगडी सुरू केली. झायडेकोच्या तालाला फुगडी इतकी बेमालूम बसली की भिंतीजवळच्या बायकांना वाटलं, हाच तो लुइझियानाचा खरा नाच. त्याही दोघी दोघी हात धरून गरगरायला लागल्या. भूगोलमास्तर वीणाच्या तावडीत सापडला आणि चक्कर येऊन खुर्चीत पडला. उदय गुंडाळलेली सतरंजी खांद्यावर घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होते. त्याला नाच म्हणायला हरकत नव्हती.

शेवटी बॅरी घामाने निथळत स्टेजवरच बसला. "तिसऱ्या कडव्यात तू मला मागे टाकून गेलास," तो धापा टाकत म्हणाला. "परत असाच जा." मॅगीचं नाव कोणी काढलं नाही.

सहाच्या सुमाराला यशोधन बाहेर आला तेव्हा पाऊस भुरभुरत होता. कार पार्कात वीणाच्या गाडीशी शशीताई छत्री घेऊन उभ्या होत्या. अ‍ॅकॉर्डियन अजून त्याच्या गळ्यातच होता. आनंदात काढायचाच राहिला होता.

"ताई, रागावलात?"

"रागावले तर. सगळ्यांसमोर उठवलंस मला." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "यंदा माझ्या साथीला साळव्यांच्या वरदाला घेते."

यशोधनला वाटलं, कोणीतरी आपली खुर्ची काढून घेतली. "ताई, चुकलं माझं. गणपतीत मी नेहमीसारखा..."

"नाही जमायचं ते तुला आता. ऐकलं ना मी आत्ता." शशीताईंचा आवाज मऊ झाला. "पुढे कसं जायचं ते तुला कळलंय. मला मागे राहणारा हात लागतो रे. माझा दम आता पुरत नाही, तुझ्यामागे कुठे धावू मी? बावीस वर्षं थांबलास माझ्यासाठी, पुष्कळ झालं."

यशोधन तसाच त्यांच्या पायाशी वाकला, तर गळ्यातल्या अ‍ॅकॉर्डियनने मोठ्ठा भोंगा दिला आणि कार पार्कातलं एक कुत्रं भुंकायला लागलं.

"आधी ते उतरव," शशीताई म्हणाल्या.

त्याने पट्टे सोडले, अ‍ॅकॉर्डियन वीणाच्या हातात दिला आणि पुन्हा वाकला. शशीताईंनी त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.